होडीच्या पोटातलं पाणी



आज माईकसमोर आम्ही दोघीच बसलोय, पण बोलणं आमच्या सगळ्या गटाचं आहे. आम्ही मालवण तालुक्यातल्या कर्ली खाडीकाठच्या. दहाजणींचा गट. आगळ, कुळथाची पिठी, मालवणी मसाला हे आमचं जुनं काम, ते अजूनही चालू आहे. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, ते बघून आलो आणि आमच्याही मनात आलं की आपली खाडी काय कमी आहे? म्हणून आम्ही एक होडी घेतली. नवी परवडणारी नव्हती, जुनी घेतली. त्या जुन्या होडीपायी आम्ही काय चुकलो आणि वजनाबद्दल काय शिकलो, ते आज सांगायचंय.

ऐकणाऱ्यांतल्या कित्येकजणींच्या गावात विहीर आणि ओढा सोडला तर पाणी नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी रेडिओ बंद करू नका. बैलगाडीत गवत भरलेल्या आणि डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला यातलं सगळं कळेल.

आधी होडी कशी असते ते सांगतो. तिला पॉन्टून म्हणतात. आपल्या नेहमीच्या होडीला पोट असतं, माणसं त्या पोटात बसतात. पॉन्टूनला तसं पोट नाही. खाली ॲल्युमिनियमचे दोन लांबलचक, दोन्हीकडून बंद केलेले नळे, एक डाव्या हाताला, एक उजव्या. त्यांच्यावर सपाट फळी. फळीवर बाकं, कठडा, छप्पर, मागे इंजिन. अंगणच पाण्यावर तरंगतंय असं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला चढायला सोपं, लहान मुलं मध्ये बसवता येतात, म्हणून आम्हाला ती आवडली.

आमच्या किनाऱ्यावर उलांडीची होडी असते. एका बाजूला दोन दांडे काढून त्यांना लाकडाचा ओंडका बांधतात, तो पाण्यावर राहतो आणि अरुंद होडी कलंडू देत नाही. पॉन्टूनची युक्ती त्याच जातीची. एकमेकांपासून लांब असलेल्या दोन तरंगत्या वस्तू, आणि त्या लांब आहेत म्हणून तोल. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही होडी आम्ही घाटावरच्या एका धरणाच्या जलाशयातून आणली. तिथल्या हॉटेलवाल्याला ती विकायची होती. बघायला चौघी गेलो. काय बघितलं म्हणाल, तर बाकांचं रेक्झिन फाटलंय का, छप्पर गळतंय का, इंजिन पहिल्या झटक्याला चालू होतंय का. बाकांवर बसूनसुद्धा बघितलं, मऊ आहेत म्हणून खूष झालो. घरात सून आणताना चार पिढ्यांची चौकशी करणाऱ्या बायका आम्ही, पण होडी वर काढून तिचे नळे दाखवा, असं एकीनेही म्हटलं नाही. ती धक्क्याला दोन दोरांनी आवळून बांधलेली होती, त्यामुळे कललेली दिसली नाही. बॅटरी, हत्यारांची पेटी आणि नांगर सगळं उजव्या बाजूला होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आमच्या खाडीत उतरवली आणि सामान जागच्या जागी लावलं, तर होडी डावीकडे झुकलेली. फार नाही, दोन बोटं. पण फळीवर लिंबू ठेवलं तर डावीकडे गडगडायचं.

मग सल्ले सुरू झाले. धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे उपाय होता आणि तो एकच होता. उजवीकडे वाळूच्या गोणी टाका. शेजारचा मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला, सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, याला बॅलास्ट म्हणतात, आमच्या जहाजातही असतं. बॅलास्ट म्हणजे तोल राखायला मुद्दाम ठेवलेलं वजन. शिडाची जहाजं रिकामी परतताना तळात दगड भरून घेत, तोच प्रकार. जहाजावरचा शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर आमचीही खात्री पटली. पंचवीस किलोच्या सहा गोणी उजव्या कडेला लावल्या, म्हणजे दीडशे किलो. होडी सरळ झाली. लिंबू जागच्या जागी राहिलं. आम्ही नारळ फोडला आणि फेऱ्या सुरू केल्या.

पहिल्या महिन्यात पर्यटक बरे आले. पण होडी जड चालायची. इंजिन ओरडतंय आणि होडी पुढे सरकत नाही, असं. सुरुवातीला एका फेरीला तीन लिटर पेट्रोल लागायचं, ते सव्वाचारवर गेलं. इंजिनवाल्याला बोलावलं. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पंखा घासून दिला, पैसे घेतले. फरक शून्य. आमची खजिनदार वहीत आकडे लिहायची आणि वही मिटताना काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं फार लागायचं, कारण बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला होता.

होडीला पूर्वीच्या ठिकाणची एक पाटी होती, बारा प्रवासी. हप्ता डोळ्यांसमोर असल्यामुळे आम्ही बाराच भरायचो. अकरा आले तर बाराव्याची वाट बघायचो.

डिसेंबरातली गोष्ट. बारा प्रवासी आणि होडी हाकणारी आमची एकजण. परतीला कांदळवनाच्या कडेला डावीकडे पाणमांजरांचं कुटुंब दिसलं. आई आणि तीन पिल्लं. दिसलं की कोण जागेवर बसेल? सगळेच्या सगळे मोबाईल घेऊन डाव्या कठड्याकडे धावले. होडी त्या बाजूला खाली गेली, आणि गेली ती थांबेना. पलीकडून एक मासेमारीची बोट गेली होती, तिची लाट आली आणि फळीवर पाणी चढलं. एका लहान मुलीच्या चपला वाहून गेल्या. हाकणारीने इंजिन बंद केलं आणि जी ओरडली, ती पार धक्क्यावर ऐकू आली. सगळे मागे फिरले तेव्हा होडी सरळ झाली, पण लगेच नाही. आधी उजवीकडे गेली, मग पुन्हा डावीकडे, झोपाळ्यासारखी. कुणाला काही झालं नाही. सगळ्यांनी जॅकेट घातली होती. मुलीच्या आईने उतरताना आमच्याकडे बघितलं सुद्धा नाही.

त्या रात्री आमच्यातल्या कुणीही जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फेऱ्या बंद ठेवल्या. आमच्यातल्या एकीचे आजे तांडेल होते, वय ऐंशीच्या वर, आता डोळ्यांना कमी दिसतं. त्यांना धक्क्यावर आणलं. त्यांनी वरचं काहीच बघितलं नाही. सुकतीला होडी चिखलात टेकली होती, तिथे काठी घेऊन गेले आणि नळ्यावर वाजवत गेले. उजवा नळा घुमला, रिकाम्या डब्यासारखा. डावा वरच्या बाजूला घुमला आणि खाली ठप्प. ते म्हणाले, "आधी होडयेचा पोट बघा, वाळू मागीर भरा."

होडी वर ओढली. नळ्यातलं पाणी सोडायला बूचसुद्धा नव्हतं. वेल्डिंगवाल्याने सगळ्यात खालच्या जागी भोक पाडलं. पाणी यायला लागलं, काळं, वास येणारं. आम्ही दहा लिटरची बादली लावून मोजलं. पंधरा बादल्या. दीडशे लिटर.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. डाव्या नळ्यात दीडशे किलो पाणी, आणि ते दिसू नये म्हणून उजव्या कडेला दीडशे किलो वाळू. तीनशे किलो! म्हणजे चार दांडगी माणसं तिकीट न काढता आमच्या प्रत्येक फेरीला येत होती, आणि त्यांचं पेट्रोल आम्ही भरत होतो.

आता हिशेब सांगतो. तो आम्हाला हायस्कुलातल्या विज्ञानाच्या बाईंनी खडूने फळीवरच करून दाखवला. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो आणि परीक्षा झाल्यावर विसरतो. आमचा एक नळा सहा मीटर लांब आणि साठ सेंटीमीटर जाड. त्यात साधारण १,७०० लिटर हवा मावते. म्हणजे तो पूर्ण पाण्याखाली जायला १,७०० किलो वजन लागेल. दोन्ही नळ्यांचं मिळून ३,४००. मग काय ३,४०० किलो भरायचं? तेवढं भरलं तर नळे पाण्याखाली आणि होडी बुडायच्या काठावर. बाई म्हणाल्या, शांत पाण्यात पूर्ण भरलेल्या होडीचा नळा निम्म्याच्या आसपासच बुडालेला असावा. म्हणजे १,७०० किलो, त्यात होडी स्वतःसुद्धा आली. फळी, बाकं, छप्पर, इंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर मिळून आमची होडी हजार किलोच्या घरात. उरले सातशे. माणशी सत्तर किलो धरले तर दहा माणसं, होडी हाकणारी धरून. आणि आम्ही भरत होतो तेरा माणसं, वर वाळू, वर पाणी.

यात एक गोष्ट अशी आहे की ती आम्हाला कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. नळा गोल आहे. मध्यावर तो सगळ्यात रुंद, म्हणून निम्मा बुडालेला असताना एखादं माणूस चढलं तर आमची होडी सेंटीमीटरभर खाली जाते. निम्म्याच्या वर नळा अरुंद होत जातो. मग तेच माणूस होडीला जास्त खाली नेतं. शेवटच्या चार बोटांत तर फारच भराभर. म्हणजे होडी सुरुवातीला वजन सोसते, आपल्याला वाटतं आणखी चालेल, आणि धोका जवळ आला की ती सूचना न देता खाली जाते. बाईंनी त्या डिसेंबरच्या दिवसाचाही हिशेब मांडला. बारा माणसं मीटरभर डावीकडे सरकली तर डाव्या नळ्याचा जेमतेम चार बोटं भाग पाण्यावर राहतो. लाट चार बोटांपेक्षा मोठी होती. वाळू नाही, पाणी नाही आणि दहाच प्रवासी असते, तर तीच धावपळ होऊनही वीतभर भाग पाण्यावर राहिला असता.

आणि ते झोपाळ्यासारखं हलणं? ते आतल्या पाण्याचं. अर्धा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालून बघा. भरलेला हंडा स्थिर राहतो, रिकामा हलका असतो, पण अर्धा भरलेला आपल्यालाच ओढतो. पाय चुकला की पाणी त्याच बाजूला धावतं. परातीत पाणी घेऊन उंबरा ओलांडणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. वाळूची गोण निदान ठेवल्या जागी बसते. नळ्यातलं पाणी बसत नाही. आमच्या नळ्यात आत पडदे नव्हते, सहा मीटरची मोकळी नळी. इंजिनाचा जोर वाढवला की नाळ उचलली जायची, आतलं पाणी मागे धावायचं, मागची बाजू आणखी खाली, नाळ आणखी वर. इंजिन का ओरडत होतं ते तेव्हा कळलं. बिचाऱ्या इंजिनाचा काही दोष नव्हता, आणि आम्ही त्याच्यावर पैसे घातले.

पाणी आत गेलं कसं, हाही प्रश्न आम्हाला पडला होता, कारण भोक कुठे दिसत नव्हतं. वेल्डिंगच्या सांध्यावर केसाएवढी चीर होती. दुपारी उन्हात नळा तापतो, आतली हवा फुगते आणि चिरेतून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी पाण्याने नळा गार होतो, हवा आकसते आणि त्याच चिरेतून पाणी आत ओढून घेते. गरम डब्याला घट्ट झाकण लावून गार पाण्यात ठेवलं की झाकण आत ओढलं जातं, तसं. रोज थोडं थोडं. वाळू घालून सरळ केलेली होडी महिन्याभरात पुन्हा जराशी डावीकडे कलायला लागली होती. आम्ही त्याला उत्तर काय दिलं? आणखी एक गोण आणायचं ठरवलं होतं. ती आणायची राहून गेली एवढंच.

वजनाचा हा घोटाळा फक्त आमच्याकडेच झाला असं समजू नका. अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं बंदराचं शहर आहे. तिथे लोकांची ने-आण करणारी लेडी डी नावाची पॉन्टून होडी होती, दोन नळ्यांचीच. ६ मार्च २००४ रोजी पंचवीस माणसं घेऊन जाताना ती वादळी वाऱ्यात उलटली आणि पाचजण दगावले. पंचवीस हा आकडा तिच्या परवान्यातच बसत होता. चौकशीत निघालं, की परवाना देताना वेगळ्या बांधणीच्या दुसऱ्या पॉन्टूनला हिची बहीण मानून तिच्या चाचणीवर काम भागवलं होतं. आणि माणसाचं सरासरी वजन धरलं होतं १४० पौंड, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट किलो. तो आकडा फार जुना. प्रत्यक्ष त्या दिवशीच्या माणसांची सरासरी शहात्तर किलोच्या आसपास निघाली. माणसं जाड होत गेली आणि कागद तसाच राहिला. पुढे २०११ साली तिकडे हा आकडा १८५ पौंड, म्हणजे चौऱ्याऐंशी किलो केला. आपल्याकडे केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून बावीस माणसं गेली, त्यात मुलं किती होती. तीही मर्यादेपेक्षा जास्त भरलेली होती. ही बातमी आम्ही टीव्हीवर बघितली होती आणि हळहळलो होतो. आपल्या पाटीवरच्या बाराचा आणि तिचा काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं.

कारण आमची पाटी होती धरणाच्या शांत पाण्यातली. नंतर त्या हॉटेलवाल्याने वर लोखंडी पाइपांचं छप्पर चढवलं, त्यावर दोन मोठे स्पीकर बसवले. पाटी तीच राहिली. उंचावरचं वजन तर दुप्पट वाईट. गवताची गाडी उंच रचली की चाक खड्ड्यात गेल्यावर ती कशी डुलते, बघितलंय ना?

आता दुरुस्तीचं थोडक्यात. चीर शोधायला नळ्यात हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावतात, जिथे बुडबुडा तिथे गळती. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच. पण हवा अगदी थोडी भरायची. मोटारीच्या टायरला तीस पीएसआय भरतात, इथे दोन-तीनच्या वर जायचं नाही, नाहीतर नळाच फाटेल. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग गेट-ग्रिलवाल्याचं काम नाही, त्याला आर्गन वायूचं वेगळं मशीन लागतं. आम्हाला वरून लुकण लावून भागवायला सांगणारेही भेटले. नको म्हटलं. सांधा नीट करून घेतला आणि दोन्ही नळ्यांना पाणी सोडायची बुचं बसवली. होडी गोड्या पाण्यातून खाऱ्यात आली होती, म्हणून गंज रोखायला लावतात ते मॅग्नेशियमचे तुकडे काढून झिंकचे लावले. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम फार लवकर झिजून जातं. तळाला तांब्याचा रंग लावू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. हे रंगाच्या दुकानात कुणी सांगत नाही. तिथे डबा विकायचा असतो.

छप्पर काढून कापडी केलं. स्पीकर विकले, त्या पैशांत वेल्डिंगचा अर्धा खर्च निघाला.

वाळूच्या गोणी उचलल्या आणि खाडीकाठी ओतून टाकल्या. होडी सरळ राहिली. आणि बोटभर नव्हे, चांगली दोन बोटं वर आली. पेट्रोल पुन्हा तीन लिटरवर.

मग कुणी विचारेल, बॅलास्ट वाईटच का? शिडाच्या होडीला ते लागतं, कारण वारा वरून ढकलतो आणि तोलाला खाली वजन हवं. पॉन्टूनचा तोल दोन नळ्यांमधल्या अंतरात असतो, हे सुरुवातीला सांगितलं. तिच्यावर वजन घालून तोल वाढत नाही, ती फक्त खोल जाते. तरीही एक अडचण उरते. दोन-तीनच प्रवासी असले की मागचं इंजिन भारी पडतं, नाळ उचलते आणि वारा तिला फिरवतो. गाडी उलाळ होते, तसं. उलट सगळे पुढे जाऊन बसले तर होडी धुरजड होते, नाळ लाटेत घुसते आणि पाणी फळीवर येतं. ते जास्त धोक्याचं. याला नवं वजन लागत नाही. आहे तेच हलवायचं. आम्ही बॅटरी आणि पेट्रोलचा डबा पुढे घेतला, नांगर मधोमध. आणि सगळं दोरीने बांधलेलं. सुटं वजन म्हणजे पुन्हा तेच, अर्धा हंडा.

आता खरं भांडण कशावरून झालं ते सांगतो. बाईंच्या हिशेबाने दहा माणसं. आम्ही ठरवलं होतं की यापुढे होडीवर आमच्या दोघी असणार. एक हाकायला, एक माणसांना बसवून ठेवायला. म्हणजे प्रवासी आठ. बाराचे आठ! खजिनदार उठून उभी राहिली. म्हणाली, चार तिकिटं प्रत्येक फेरीला सोडायची तर हप्ता माझ्या कुडीतून भरू का? तिचं चूक नव्हतं. तीन बैठका यावरच गेल्या. एक म्हणाली दहा करू या, लहान मुलं अर्धी धरू. दुसरी म्हणाली, चपला वाहून गेल्या त्या मुलीलाही अर्धीच धरायची का? मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी वहीनेच सोडवलं. पेट्रोल फेरीमागे सव्वा लिटर वाचत होतं. होडी हलकी झाल्यामुळे फेरी वीस मिनिटं लवकर संपायची आणि भरतीच्या वेळेत एक फेरी जास्त बसायची. बाराच्या तीन फेऱ्यांऐवजी आठच्या चार. छत्तीसचे बत्तीस. चार तिकिटांचं नुकसान रोजचं आहेच, ते आम्ही लपवत नाही. ते आगळ आणि सोलकढीच्या विक्रीतून भरून काढतो. कधी भरतं, कधी नाही.

पुढे आम्ही सागरी मंडळाकडून होडीची नव्याने तपासणी करून घेतली. जुन्या पाटीवर विसंबू नका. होडी दुसऱ्या पाण्यात आणली, तिच्यावर काही चढवलं किंवा उतरवलं, तर तपासणी आणि प्रमाणपत्र नव्याने लागतं. विमाही त्याच कागदावर मिळतो.

जुनी पॉन्टून घ्यायची असेल तर आमचं सांगणं एवढंच, की आधी ती पाण्याबाहेर काढायला लावा. विकणारा काढत नसेल तर गाडीभाडं गेलं असं समजा आणि परत या. बाहेर काढल्यावर दोन्ही नळ्यांवर काठी वाजवा. बुचं असतील तर उघडून बघा. नळ्याच्या आत पडदे आहेत का विचारा. पडदे असले की एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहतात. बाहेरच्या बाजूला पाण्याची रेघ उठलेली असते, ती दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहे का बघा. होडीत वाळू, दगड, सिमेंटचे ठोकळे, भरलेले कॅन काहीही दिसलं, तर ते तिथे का ठेवलंय ते विचारा. आणि पाण्यात सोडून, दोर सैल करून, रिकामी बघा. लिंबू न्यायला विसरू नका.

आम्ही आता दर सोमवारी सुकतीला बुचं काढतो. बहुतेक वेळा काही येत नाही. मागच्या पावसाळ्याआधी एकदा वाटीभर आलं, तर दोन दिवस फेऱ्या थांबवून सांधा पुन्हा बघून घेतला. धक्क्यावर रेशन दुकानातून आणलेला जुना काटा ठेवलाय. पर्यटकांना एकेक करून त्यावर उभं करतो, आकडा मोठ्याने वाचत नाही, तेवढं भान ठेवतो. आठजणांचं मिळून साडेपाचशेच्या वर गेलं तर सात नेतो. पुण्याहून आलेल्या एका आजी काट्यावर चढताना म्हणाल्या, होडीत बसायचंय की भाताच्या गिरणीवर आलेय? त्यांचे दोन नातू पुढच्या फेरीला ठेवावे लागले म्हणून त्या रागावल्याही. नातवंडं काठावर खेकडे बघत बसली. आजींना आम्ही मधल्या बाकावर बसवलं आणि निघालो.